तळं कोणाचं?

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. मुलगा-सून इथे नोकरीला, म्हणून गेली काही वर्षं मल्लेश्वरमला राहते. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतली सात-आठ मराठी मुलं माझ्याकडे मराठी लिहा-वाचायला येतात. वयं आठ ते तेरा. मागे एकदा बोलता बोलता मी म्हणाले, "हा हक्क आपल्याला घटनेने दिलाय." तर धाकट्या नातीने विचारलं, "आजी, कुठली घटना? काय झालं होतं?" सगळे हसले, पण रात्री विचार केला तर मलाही नीट सांगता येईना. शाळेत मुलं उद्देशिका म्हणतात. पाठ आहे, अर्थ विचारला की गप्प. नातू म्हणतो, "सगळे समान, तर ताईची सायकल मोठी आणि माझी लहान का?" आणि तेरा वर्षांची एक मुलगी विचारते, "आजी, आपण इथले की बाहेरचे?" या वयाच्या मुलांना सरकार, कायदा, समानता हे कसं सांगावं? सुरुवात कुठून करू?
— एक आजी, मल्लेश्वरम, बंगळुरू

उत्तर : आजी, तुमच्या नातीने अगदी योग्य तेच विचारलं. 'घटना' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. घडलेला प्रसंग हा एक, आणि घडण, रचना हा दुसरा. ती ज्या शहरात वाढते तिथे रोजच्या बोलण्यात 'घटने' म्हणजे घडलेला प्रसंग, आणि देशाच्या त्या ग्रंथाला म्हणतात 'संविधान'. मग दुसरा अर्थ तिला कळणार कुठून? तिला सांगा, कोल्हापुरातल्या तालमीला आणि तरुण मंडळालासुद्धा घटना असते. अध्यक्ष कसा निवडायचा, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवायचा, सभा कोणी बोलवायची, हे त्यात लिहिलेलं असतं. देशाची तशी लिहून ठेवलेली घडण म्हणजे राज्यघटना. आणि 'काय झालं होतं?' याचंही उत्तर आहे. डिसेंबर १९४६ पासून नोव्हेंबर १९४९ पर्यंत, जवळपास तीन वर्षं, माणसं दिल्लीत एका सभागृहात बसून वाद घालत होती, आणि त्यातून ही घडण उभी राहिली.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मुलं शाळेत 'प्रजे' आणि 'प्रजाप्रभुत्व' हे शब्द ऐकत असणार. कन्नडमध्ये 'प्रजे' म्हणजे नागरिक आणि 'प्रजाप्रभुत्व' म्हणजे लोकशाही. आपल्या कानाला मात्र 'प्रजा' म्हटलं की तिच्यापुढे सिंहासन आणि सिंहासनावर राजा दिसतो. हे दोन्ही अर्थ मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवा. एका भाषेत प्रजा हात जोडून उभी आहे, दुसऱ्या भाषेत तीच प्रभू आहे. मुलांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे राजा जाऊन नागरिक कसा आला, ही सगळी वाटचाल त्यांना एका शब्दात हाताला लागेल. पुण्यात किंवा साताऱ्यात शिकवताना ही सोय मला नव्हती.

मी अनेक वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. तो विषय इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेला असतो, परीक्षा जवळ आली की घाईघाईने संपवायचा. सुरुवातीची वर्षं मीही तेच केलं. मूलभूत हक्क किती? सहा. सांगा. मुलं सांगायची, गुण मिळायचे. एकदा आमच्या शाळेतला पिण्याच्या पाण्याचा नळ आठवडाभर बंद होता. हक्कांची यादी तोंडपाठ असलेल्या पन्नास मुलांपैकी एकालाही वाटलं नाही की हे कोणाला तरी विचारता येतं. मलाही ते त्यांना सुचवावंसं वाटलं नाही. ती गोष्ट अजून मनाला लागते. त्यानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली आणि सुरुवात पाण्यापासून करू लागले. तुम्हीही पाण्यापासूनच करा. उद्देशिका शेवटी घ्या. ती उत्तरासारखी आहे, आणि प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर नुसतं पाठ होतं.

तुमच्या घराजवळ काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. समोरच नंदीतीर्थ, जिथे नंदीच्या मुखातून पाणी पडतं. एका शनिवारी मुलांना तिथे घेऊन जा. या देवस्थानाशी जोडलेला १६६९ सालचा शिलालेख आहे. शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर होती. त्यांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी मेदारनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला दिल्याची नोंद त्यात आहे. मराठी मुलांना हे ऐकून आनंद होईल, होऊ द्या. मग विचारा : राजाने गाव दिलं, त्या गावातल्या माणसांना कोणी विचारलं होतं का? दिलं नसतं तर कोणाला राजाकडे जाऊन 'का नाही दिलं?' असं म्हणता आलं असतं का? दिलेलं पुढच्या राजाने काढून घेतलं असतं तर? मुलं पटापट उत्तरं देतील. ती ऐकून फक्त एवढंच म्हणा की याला दान म्हणतात.

दुसरी गोष्ट तुमच्या कोल्हापूरची. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे होते. सवर्ण नोकरांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि तिथे कोणी येईना म्हणून स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायला लागले. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यावा लागला. ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला माहीत नाही असं होत नाही, आणि तुम्ही ती माझ्यापेक्षा चांगली सांगाल. सांगून झाली की मुलांना थांबवून विचारा : महाराज इतके चांगले नसते तर? शेजारच्या संस्थानातल्या गंगारामांचं काय झालं असेल? शाहू महाराजांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, आणि मला वाटतं हा प्रश्न त्यांनाही आवडला असता. चांगल्या राजाच्या राज्यातसुद्धा माणसाचं पाणी राजाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतं.

एक काळजी मात्र घ्या. ही गोष्ट सांगताना 'ते बिचारे' असा सूर लावू नका. आणि समोरच्या कुठल्याही मुलाला, किती सहज वाटलं तरी, 'तुम्ही कोण?' असं जातीबद्दल विचारू नका. मुलांच्या घोळक्यात कोण कुठून आलंय हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

आता महाड. इथे घाई करू नका. दोन-तीन शनिवार लागले तरी लागू द्या, कारण सरकार म्हणजे काय ते सगळं तिथल्या चवदार तळ्याच्या गोष्टीत आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने बांधलेली आणि राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळ झालं, नगरपालिका झाली, कागद झाला. पण प्रत्यक्षात तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. तीन वर्षं तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्यावर मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून त्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. नगरपालिकेने आपला आधीचा ठराव त्याच वर्षी मागे घेतला. काही रहिवासी न्यायालयात गेले. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं होतं, पण न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. तेव्हा त्यासाठी जमलेल्या, संतापलेल्या माणसांना बाबासाहेबांनी थांबवलं आणि लढा न्यायालयात चालवला. निकालावर अपील, त्यावर अपील, असं होत शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावर बंदी मागणाऱ्यांचं अपील फेटाळलं.

तुमच्या मुलांना हे नाटकासारखं करायला द्या. एक जण बोले, दोघं-तिघं नगरपालिका, एक न्यायाधीश, काही गावकरी, काही पाणी मागणारे. मधोमध पाण्याची कळशी. प्रत्येक सालासाठी जमिनीवर खडूची एक रेघ. ऑगस्ट १९२३ च्या ठरावाच्या दिवशी जन्मलेलं बाळ निकालाच्या दिवशी तेरा वर्षांचं झालं होतं, म्हणजे तुमच्या त्या मोठ्या मुलीएवढं. तिला कळशीपाशी उभं करा आणि सांगा, तुझं सगळं आयुष्य या रेघांमध्ये गेलं. नगरपालिकेची भूमिका करणाऱ्यांना आधी 'खुलं' आणि मग 'बंद' असे दोन्ही ठराव मांडायला लावा. निवडून आलेली माणसं दबावाखाली माघार घेतात हेही मुलांनी पाहायला हवं. आणि त्याच गावात सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसं होती, ज्यांनी नगरपालिकेतून तळं खुलं करण्यासाठी बाबासाहेबांना साथ दिली, हेही सांगा.

न्यायाधीश झालेल्या मुलाला मात्र नीट तयार करा, कारण त्याच्या वाट्याला सगळ्यात अवघड जागा आली आहे. १९३७ साली उच्च न्यायालयापुढचा प्रश्न 'हे न्याय्य आहे का?' असा नव्हता. बंदी मागणारे म्हणत होते, ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. न्यायालयाने एवढंच पाहिलं की तशी वहिवाट पुराव्याने सिद्ध होते का. झाली नाही, म्हणून ते हरले. समजा सिद्ध झाली असती तर? मुलांना इथे दोन मिनिटं शांत बसू द्या. त्या दिवशी तळं मिळालं खरं, पण 'माणूस म्हणून तुझा हक्क आहे' असं म्हणायला न्यायाधीशाच्या हातात काहीच नव्हतं. तसा कायदाच नव्हता.

त्यानंतर संविधान उघडा. मराठीत 'भारताचे संविधान' मिळतं. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं. आणि सरकारी पैशाने राखलेल्या किंवा लोकांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्यावरून कोणत्याही नागरिकाला इथे अडवता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरी आणि तलाव कशाला लिहायचे, असं परदेशी वाचकाला वाटेल. कळशीभोवती तीन शनिवार बसलेल्या तुमच्या मुलांना वाटणार नाही. त्यांना त्या ओळीत चवदार तळं दिसेल, हॉटेल या शब्दात गंगाराम कांबळे दिसतील. माझ्या वर्गात या क्षणी एका मुलीने पुस्तक हातात घेऊन ती ओळ स्वतः पुन्हा वाचली होती. मी शिकवलेल्या सगळ्या वर्षांतला तो सर्वांत चांगला तास.

शेजारचा अनुच्छेद १७ अस्पृश्यता संपवतो, तोही तेव्हाच वाचा. आणि आजी, एका गोष्टीची तयारी ठेवा. हे शिकलेली मुलं घरी जाऊन पाहू लागतात. घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का, इमारतीतल्या कोणत्या लिफ्टने कोण जातं, वॉचमन काकांना पाणी कशात देतात, हे सगळं ती बघतील आणि मोठ्याने विचारतील. तेव्हा 'ते वेगळं असतं' असं म्हणून त्यांना गप्प केलंत, तर महिनाभराचं शिकवणं त्या एका वाक्यात वाहून जाईल. कप बदलणं सोपं आहे.

आता सायकलचा प्रश्न. नातवाला विचारा, ताईची सायकल तुला दिली तर तुझे पाय पॅडलपर्यंत पोचतील का? शाळेतल्या नळाचं उदाहरण घ्या. एकाच उंचीचा नळ पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना 'सारखाच' आहे, पण पहिलीतल्या मुलाचा हात तिथे पोचतच नाही. त्याच्यासाठी खाली दुसरा नळ बसवला, तर मोठ्यांवर अन्याय झाला का? समानता म्हणजे प्रत्येकाला पाणी मिळणं. सायकलच्या मापावरून भांडण नको. पण ताईला ती मुलगी म्हणून सायकलच दिली नसती, तर ते भांडण रास्त ठरलं असतं, आणि ते नातवानेही तिच्या बाजूने करायला हवं होतं.

मोठ्या मुलांनी आरक्षणाबद्दल विचारलं तर टाळू नका. हाच खालचा नळ तिथे दाखवा. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. तुम्ही आता राहता ते शहर तेव्हा ज्यात होतं त्या म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिथेही मागासलेल्या समाजांना नोकऱ्यांत वाटा द्यायची वाट मोकळी झाली. तुमची दोन्ही घरं या बाबतीत आधीपासून पुढे होती. बाकी टक्केवारीचे आणि खटल्यांचे तपशील कॉलेजात कळतील.

मग सरकारच्या पायऱ्या. त्यासाठी तुमच्या स्वयंपाकघरातला नळ पुरे. त्यातलं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं. ते शहरात आणून वाटण्याचं काम १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पाणीपुरवठा मंडळाचं, आणि ते मंडळ राज्याच्या कायद्याने चालतं. पण नदी दोन-तीन राज्यांची, म्हणून तिच्या वाटपासाठी केंद्राने लवाद नेमला. लवादाने बंगळुरूचा एक तृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो म्हणून तेवढ्याच भागाची तहान हिशेबात धरली होती. १६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने पिण्याच्या पाण्याला महत्त्व देत शहरासाठी ४.७५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाढवून दिलं. पेला भरताना मुलांना एकेक नाव घ्यायला सांगा : मंडळ, राज्य, केंद्र, न्यायालय. एवढं आलं की कुठली तक्रार कुठे न्यायची हे त्यांना आपोआप समजू लागतं.

यात नगरसेवक कुठे आहे, असं चुणचुणीत मूल विचारेल. खरं ते सांगा. महानगरपालिकेतल्या १९८ नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षं निवडणूक झाली नाही. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं संविधान सांगतं, तरीही. २०२५ मध्ये नवा कायदा येऊन एका पालिकेच्या पाच पालिका झाल्या. तुमच्या नातवाला समज आल्यापासून या सगळ्या वर्षांत त्याच्या वॉर्डाला निवडून दिलेला माणूसच नव्हता. मुलांपासून हे लपवायचं कारण नाही. महाडचा ठराव तीन वर्षं कागदावर कसा पडून होता हे ऐकलेली मुलं ही गोष्ट चटकन ओळखतात.

आणि आता त्या तेरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न, जो मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त लागला. 'आपण इथले की बाहेरचे?' कोणीतरी तिला काहीतरी बोललं असणार. तिला समजवायला म्हणून 'एकोजींच्या वेळी इथे आपलंच राज्य होतं' असं म्हणायचा मोह होईल. कृपा करून तसं म्हणू नका. तिचा इथे राहण्याचा हक्क कुठल्या राजाच्या पराक्रमातून आलेला नाही, आणि तसा तो आला असता तर दुसऱ्या राजाच्या पराक्रमाने गेलाही असता. तिला अनुच्छेद १९ दाखवा. भारतात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. अनुच्छेद १५ मधला 'जन्मस्थान' हा शब्द दाखवा. अनुच्छेद २९ दाखवा, आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क. तुमचा शनिवारचा वर्ग त्या अनुच्छेदात बसतो. १९५६ साली आलेला ३५०क दाखवा. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने झटावं, असं तो सांगतो.

त्याचबरोबर तिला कन्नड उत्तम यायला हवी. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकणं आवश्यक झालं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी. पुण्यात राहणाऱ्या कन्नड मुलीने मराठी शिकावी असं आपल्याला मनापासून वाटतं ना? मग मल्लेश्वरममध्ये आपण तेच उलट बाजूने करायचं. शिकायचा विषय कोणता आणि शिकण्याचं माध्यम कोणतं हे दोन वेगळे मुद्दे आहेत. प्राथमिक शाळेत मातृभाषेचंच माध्यम राज्याला लादता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकच्याच खटल्यात सांगितलं. आणि बेळगावचा विषय निघाला, सीमेवरच्या एखाद्या मुलाच्या घरी तो निघतोच, तर आवाज न चढवता सांगा की दोन राज्यांत तंटा झाला तर संविधानाने त्यांना सर्वोच्च न्यायालयाचं दार दाखवलं आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये त्याच दाराने दावा दाखल केला. दगडफेकीने तो सुटत नाही, हे मुलांना दोन्ही भाषांत सांगता यायला हवं.

मुलं उलटून बोलू लागतील अशी धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण त्यांच्या आई-वडिलांना वाटेल. त्यांना केरळमधल्या तीन भावंडांची गोष्ट सांगा. ती शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात सहिष्णुतेबद्दल लिहिलं ते मोठ्यांनी वाचण्यासारखं आहे. ती मुलं उर्मट नव्हती, त्यांनी कोणाचा अपमान केला नव्हता. नम्रपणे, पण न वाकता उभं राहता येतं. घरातही एक नियम करून पाहा : मोठ्यांनी घातलेल्या प्रत्येक नियमाचं कारण मुलांना विचारता येईल, आणि मोठे ते सांगतील. तुमच्या वर्गाची छोटीशी घटनाही मुलांकडून लिहून घ्या. कोण आधी बोलणार, दंगा झाला तर काय, नियम बदलायचा तर किती जणांचं मत हवं. नातीला मग 'घटना' पुन्हा कधी विचारावी लागणार नाही.

शेवटचा गृहपाठ मी सँकी तळ्यावर देईन. १८८२ साली बांधलेलं हे तळं तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुलांना वह्या घेऊन एक फेरी मारू द्या. प्रत्येक पाटीवर कोणाचं नाव आहे, नियम कोणी घातले, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला पाण्यापर्यंत जाता येतं का, सगळं टिपू द्या. परत आल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा : या तळ्याची देखभाल कोणतं खातं करतं, आणि गेल्या वर्षी त्यावर किती खर्च झाला? मुलांना वाटेल, आपल्याला कोण उत्तर देणार. त्यांना सांगा, २०१२ मध्ये लखनौच्या दहा वर्षांच्या मुलीने याच कायद्याने विचारलं होतं की गांधीजींना 'राष्ट्रपिता' ही पदवी कोणत्या आदेशाने दिली. तो अर्ज पंतप्रधानांच्या कार्यालयापासून राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत फिरला, आणि उत्तर आलं की तसा आदेश नाही. पुढे गृहखात्याने सांगितलं की शिक्षण आणि सैन्य यांच्याखेरीज पदव्या द्यायला अनुच्छेद १८ परवानगीच देत नाही. तोही समानतेच्या हक्कातलाच अनुच्छेद आहे.

अर्ज मुलांच्या अक्षरात असू द्या, सही तुमची. फी १० रुपये. ती मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून काढली तर उत्तम. उत्तर द्यायला खात्याला ३० दिवसांची मुदत आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा. उत्तर आलं तर मला कळवा. नाही आलं तरी कळवा, अपील कसं लिहायचं ते पुढच्या अंकात सविस्तर देईन.